वसंतराव नाईकांचं चरित्र पाच पानांत कसं लिहावं

जून उजाडला की शाळांतून फोन सुरू होतात. "बाई, एक जुलैला कृषी दिन आहे, नाईकसाहेबांवर पाच पानं लिहून द्या." मी निवृत्त मराठी शिक्षिका, राहते नाईकांच्याच पुसद तालुक्यात, त्यामुळे नकार देता येत नाही. आता मी पानं देत नाही, ती कशी लिहायची ते सांगते.

सुरुवात विशेषणांनी करू नका. "हरितक्रांतीचे जनक" हे पहिल्याच ओळीत आलं की पुढे कुणी वाचत नाही. जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली, बंजारा कुटुंब, इतकं एका वाक्यात उरका. "नाईक" म्हणजे तांड्याचा प्रमुख, हे मात्र जरूर लिहा. मुलांना ते आडनावच वाटतं, त्यामागचा मान कळत नाही.

मग कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे साल, उजवीकडे दोन रकाने: पद आणि राज्य. राज्याचा रकाना कशाला, असं वाटेल. माझी फजिती ऐका. पहिल्या स्मरणिकेत मी लिहिलं होतं, "१९५२ साली ते महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेले." छापून आल्यावर एक आजोबा काठी टेकत घरी आले. "बाई, तई महाराष्ट्र होता कुठी? आमी त मध्य प्रदेशात होतो." खरंच होतं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात नाईक महसूल उपमंत्री होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. तिथे यशवंतराव चव्हाणांच्या हाताखाली त्यांनी सहकार आणि मग कृषी खातं सांभाळलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा ते महसूलमंत्री. घर पुसदलाच, राज्यं तीन. हा परिच्छेद नीट जमला की माणूस अर्धा कळतो: सलग महसूल, सहकार, शेती अशी खाती हाताळलेला गडी मुख्यमंत्रिपदावर आयता जाऊन बसला नव्हता.

मुख्यमंत्रिपदाची तारीख ५ डिसेंबर १९६३. "कन्नमवारांनंतर नाईक" असं सरळ लिहून मोकळे होऊ नका. मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबरला गेले, मधले थोडे दिवस पी. के. सावंत मुख्यमंत्री होते. तिथून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत अकरा वर्षांवर काळ भरतो. अकरा वर्षांची सगळी कामं कोंबायला गेलात तर यादी होईल. दोनच निवडा. मी संकरित ज्वारी आणि दुष्काळ घेते. कोयनेचा भूकंप, सिडको, कापूस एकाधिकार खरेदी हे सगळं एकेका वाक्यात.

दुष्काळावर लिहिताना श्रेयाचा घोळ होतो. "नाईकांनी रोजगार हमी कायदा केला" हे वाक्य मी दरवर्षी खोडते. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात आधी करून पाहिलेली. नाईकांच्या सरकारने १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली. कायदा मंजूर झाला १९७७ साली, अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे नाईकांना खुर्ची सोडून चार वर्षं होत आल्यावर. कल्पना, विस्तार आणि कायदा, तिन्हींना एकेक वाक्य द्या. त्यात नाईक लहान होत नाहीत, तिजोरी उघडायचा निर्णय त्यांच्याच सरकारचा होता.

जुन्या माणसांना "साहेब कसे होते?" असं विचारू नका, "देवमाणूस" यापलीकडे काही हाती लागत नाही. "बहात्तरला तुम्ही कोणत्या कामावर होता?" असं विचारा. माझ्या बीडकडच्या जाऊबाई लगेच खडी फोडण्यावर, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर येतात. मग त्यांना थांबवावं लागतं.

टीका गाळू नका. नाईकांचं पाठबळ आहे म्हणून शिवसेनेला तेव्हा विरोधक "वसंतसेना" म्हणत, मुंबईत समुद्र बुजवून केलेल्या बॅकबेच्या भूखंडांवरून सरकारवर तोफा डागल्या गेल्या. एका मुख्याध्यापकांनी हा भाग काढायला सांगितला होता, मी सगळी पानंच परत मागितली. नाईकांची ती ओठांतली पाइप मात्र फार रंगवू नका, सगळेच रंगवतात.

शेवटचा भाग लोक घाईत गुंडाळतात. १९७७ साली काँग्रेसचं पानिपत होत असताना ते वाशीममधून लोकसभेवर निवडून आले, १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले. दोन्ही ठेवा.

छापण्याआधी मजकूर कुणा जाणत्याला वाचायला द्या. ते आजोबा आता नाहीत, म्हणून मी त्यांच्या मुलाकडे पाठवते. गेल्या वर्षी त्याने एकाच ठिकाणी लाल खूण केली. मी लिहिलं होतं, "१९७२ साली परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं." समासात त्याने एवढंच लिहिलं होतं: "नाव २०१३ चं."