आंगणेवाडीच्या जत्रेला विशेष गाडीने जाताना

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीची दीड दिवसाची जत्रा भरते आणि त्या दीड दिवसासाठी मुंबईतील चाकरमान्यांचा लोंढा सिंधुदुर्गाकडे वळतो. नेहमीच्या कोकणकन्या, तुतारी आणि मांडवी या गाड्यांना एवढी गर्दी पेलवत नाही, म्हणून दरवर्षी जत्रेसाठी विशेष गाड्या सोडल्या जातात. या गाड्या सोयीच्या असल्या तरी त्यांची रीत नेहमीच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहे. ती माहीत नसलेला प्रवासी हमखास कुठेतरी अडकतो, आणि मीही अडकलो आहे.

पहिली अडचण तारखेची. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल झाल्यावर तारीख जाहीर होते. 2023 मध्ये ती 4 फेब्रुवारीला होती, 2024 मध्ये 2 मार्चला आणि 2025 मध्ये 22 फेब्रुवारीला. म्हणजे कालनिर्णय पाहून महिनोन्महिने आधी बेत आखण्याची सोय येथे नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते. त्यामुळे तारीख कळल्याबरोबर बोटांवर दिवस मोजून आरक्षण कधी उघडेल ते काढावे. उदाहरणार्थ, 22 फेब्रुवारीच्या जत्रेसाठी 21 च्या रात्री निघायचे असेल, तर नेहमीच्या गाडीचे आरक्षण 23 डिसेंबरला सकाळी 8 वाजता उघडते. प्रथम प्रयत्न या नेहमीच्या गाडीचाच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेष गाडी हा दुसरा पर्याय. ती जाहीर होईलच, असे गृहीत धरून हातचे आरक्षण सोडू नये.

विशेष गाडीची घोषणा झाली की रेल्वेचे पत्रक वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर फिरू लागते. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण महत्त्वाच्या गोष्टी तळाशी असतात. गाडीचा पाच अंकी क्रमांक शून्याने सुरू होतो, यावरून ती विशेष असल्याचे ओळखावे. त्यानंतर थांबे पाहावेत. सर्वच विशेष गाड्या नांदगाव किंवा वैभववाडीला थांबतात असे नाही, आणि आपल्या गावाचे स्थानक यादीत आहे असे मनाशी धरून तिकीट काढणाऱ्यांची फजिती होते. थांब्यांखाली डब्यांची यादी असते. वातानुकूलित किती, स्लीपर किती आणि जनरल किती, हे तेथे कळते. जनरलचे डबे मोजकेच असतील, तर आरक्षणाविना जाण्याचा विचार मुले आणि वृद्ध बरोबर असताना सोडून द्यावा. सर्वांत शेवटी आरक्षण कोणत्या दिवशी खुले होणार ते छापलेले असते. हा दिवस 60 दिवसांच्या हिशेबात बसत नाही. पत्रक निघाल्यानंतर दोन-चार दिवसांतही तो येऊ शकतो. तोपर्यंत आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी करून ठेवावी आणि प्रवाशांची नावे यादीत आधीच भरून ठेवावीत. सकाळी 8 वाजून 2 मिनिटांनी आजीचे वय विचारत बसलेल्याला प्रतीक्षायादीच मिळते.

भाड्याबाबतही गैरसमज असतात. विशेष भाडे आकारणाऱ्या गाडीत मूळ भाड्यावर द्वितीय श्रेणीला 10 टक्के आणि इतर श्रेणींना 30 टक्के अधिक द्यावे लागतात, त्याशिवाय किमान अंतराचे भाडे ठरलेले असते. याचा अर्थ असा की, रत्नागिरीहून कणकवलीपर्यंतच जाणाऱ्याने अशा गाडीचे स्लीपरचे तिकीट काढले, तर थोड्या अंतरासाठी त्याला पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागतात. जवळच्या प्रवाशाने अनारक्षित डबा किंवा दिव्याहून सावंतवाडीला जाणारी नेहमीची पॅसेंजर पाहावी. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर मार्च 2020 पासून रेल्वेत कोठेच नाही. याउलट राज्य परिवहनाच्या एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. म्हणून घरातील आजी-आजोबांसाठी मुंबईहून थेट एसटीचा हिशेबही एकदा करून पाहावा, मग त्यात कंबर किती मोडते हा भाग वेगळा.

सर्वच विशेष गाड्यांना हे नियम लागू होत नाहीत. गणपतीत पनवेल किंवा दिव्याहून चिपळूणपर्यंत सोडलेल्या मेमू, म्हणजे लोकलसारख्या विजेवरच्या गाड्या, अनारक्षित असतात आणि त्यांना साधे तिकीट चालते. मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी धावपटूंसाठी पहाटे सुटणारी पनवेल-छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस विशेष लोकल तर पूर्णपणे नेहमीच्या लोकलसारखी असते; पास असलेल्याला वेगळे काहीच काढावे लागत नाही, फक्त पहाटेचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे लागते.

आता माझी चूक सांगतो, कारण ती दरवर्षी कोणी ना कोणी करतच असतो. कोकणात जाणाऱ्या कितीतरी गाड्या मध्यरात्रीनंतर सुटतात. दादरची तुतारी एक्स्प्रेस 12 वाजून 5 मिनिटांनी निघते आणि विशेष गाड्यांनाही बहुधा अशाच अडनिड्या वेळा मिळतात. एका वर्षी आम्हा घरच्या सहा जणांची तिकिटे जत्रेच्या शनिवारची होती आणि वेळ होती 00.20. आम्ही शनिवारी दिवसभर आवराआवर करून, डबे भरून, रात्री 11 वाजता कुर्ला टर्मिनसवर दाखल झालो. फलकावर गाडी दिसेना, म्हणून चौकशीच्या खिडकीवर गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी तिकीट माझ्यासमोर धरून तारखेवर बोट ठेवले. शनिवारची 00.20 म्हणजे शुक्रवारची रात्र. गाडी जवळजवळ 23 तासांपूर्वीच निघून गेली होती. धावतपळत दादर गाठले, तुतारीच्या जनरल डब्यात उभ्याने प्रवास केला आणि रविवारी मोडजत्रेला, म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पोहोचलो. देवीचे दर्शन झाले, पण सहा तिकिटांचे पैसे गेले आणि सौभाग्यवती अजूनही तिकिटावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवायला लावते. शनिवारच्या तिकिटावर 00 ने सुरू होणारी वेळ दिसली की घरच्या गटात ‘शुक्रवारी रात्री जेवून निघायचे’ असे मराठीत लिहून टाकावे.

कुर्ला टर्मिनस, म्हणजेच लोकमान्य टिळक टर्मिनस, हे कुर्ला लोकल स्थानक नव्हे, हेही नवख्यांना सांगावे लागते. हार्बरच्या टिळकनगरहून ते चालत गाठता येते, पण सामान आणि मुले असतील तर अर्धा तास हाताशी ठेवावा. ठाण्याला किंवा पनवेलला चढणे सोयीचे वाटत असेल, तर चार्ट, म्हणजे आरक्षणाची अंतिम यादी, लागण्यापूर्वी बोर्डिंग स्थानक बदलून घ्यावे. न बदलता पुढच्या स्थानकावर चढलात, तर तिकीट तपासनीस आपली जागा रिकामी समजून आरएसी प्रवाशाला, म्हणजे फक्त बसायची जागा मिळून बर्थची वाट पाहणाऱ्याला, देऊ शकतो. एकदा बोर्डिंग बदलले की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. प्रतीक्षायादीतील तिकिटावर ‘बघू, टीसीला विनंती करू’ म्हणून स्लीपरमध्ये चढण्याचे दिवस आता गेले. ऑनलाइन काढलेले असे तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होते आणि खिडकीवरचे असले तरी आरक्षित डब्यात ते चालत नाही. अशा वेळी जनरलचे तिकीट काढावे. 200 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधीही मिळते, त्यामुळे ऐन वेळी खिडकीच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

गाडीत बसल्यानंतर धीर धरावा लागतो आणि त्याचे कारण समजून घेतले की चिडचिड कमी होते. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला असला, तरी पुढे बहुतांश मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल, तर दोघींपैकी एकीला स्थानकातील बाजूच्या रुळावर थांबावेच लागते. यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. वेळापत्रकातील गाड्यांची क्रॉसिंगे आधीच आखलेली असतात, विशेष गाडीला मात्र त्यांच्यामधल्या फटीत शिरावे लागते. तिची फट एकदा हुकली की मागची एक्स्प्रेस पुढे काढली जाते, समोरची येऊ दिली जाते आणि आपण आडवलीसारख्या स्थानकावर काजूच्या झाडांकडे बघत बसतो. त्यामुळे पत्रकात कणकवलीची वेळ सकाळी 9 ची असली, तर मनाशी 11 धरावी आणि पुढच्या गाडीवाल्यालाही तसेच सांगून ठेवावे. गाडी चढण्याच्या स्थानकावरच तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि जायचेच नसेल, तर पूर्ण परतावा मिळतो. मात्र त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. चिपळूणच्या पुढे बोगद्यांची रांग लागते आणि उक्षी-भोके दरम्यानच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तर मोबाइल मुकाच होतो, म्हणून तिकिटाचे चित्र फोनमध्ये साठवून ठेवावे. पाणी आणि भाकरी-चटणी घरून घ्यावी. गाडीला पॅन्ट्री आहे की नाही हे डब्यांच्या यादीत दिसते. नसेल तर खेड-चिपळूणच्या वडापाववर भिस्त राहते आणि तो आपल्या डब्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. पहाटे उतरायचे असेल तर 139 वर स्थानक येण्यापूर्वी उठवण्याची सूचना नोंदवता येते.

उतरायचे कोठे, हा प्रश्न बरेच जण शेवटपर्यंत लांबवतात. मालवणला रेल्वे नाही. उत्तरेकडून येणाऱ्याला प्रथम कणकवली, मग ओरोसचे सिंधुदुर्ग स्थानक आणि त्यानंतर कुडाळ लागते. आंगणेवाडीसाठी बहुतेक जण कणकवलीला उतरतात आणि म्हणूनच तेथे रिक्षा व जीपसाठी झुंबड उडते. जत्रेच्या काळात कणकवली आणि कुडाळच्या आगारांतून एसटीच्या जादा गाड्या सुटतात, आणि मी तरी एसटीच पसंत करतो, कारण भाड्याची घासाघीस करावी लागत नाही. लहान स्थानकांवर फलाट आखूड असतात. शेवटच्या डब्यातील प्रवाशांना खडीवर उतरावे लागू शकते, तेव्हा वृद्धांना आधीच मधल्या डब्याच्या दाराशी आणून ठेवावे.

देवळाजवळ पोहोचल्यावर दर्शनाची रांग किती तासांची आहे ते पाहूनच परतीचा विचार करावा. रात्री आंगणे कुटुंबांतील स्त्रिया मौन पाळून प्रसाद करतात आणि ताटे लावण्याच्या त्या विधीच्या वेळी दर्शन थांबते. रात्रीची परतीची गाडी ठरवणाऱ्याने हा खंड हिशेबात धरलाच पाहिजे. लहान मुले बरोबर असतील, तर दुसऱ्या दिवशीच्या मोडजत्रेला जावे. रांग आखूड असते आणि दुकानेही लागलेलीच असतात.

परतीचे तिकीट मात्र जाण्याच्या तिकिटाआधी काढावे, हे मी आता आग्रहाने सांगतो. जाताना लोक दोन-तीन दिवसांत विभागून जातात, परतताना मात्र रविवारी संध्याकाळी सर्वांनाच सोमवारची कचेरी आठवते. आरक्षण मिळाले नाही आणि जनरलनेच यायचे असेल, तर कणकवलीला चढण्याचा हट्ट सोडून तुतारीसारखी गाडी जेथून सुटते त्या सावंतवाडी रोडला जावे आणि तिकीटही तेथूनचेच काढावे. सावंतवाडी रोड स्थानक मळगावात आहे, शहरात नाही, त्यामुळे तेथपर्यंतच्या रिक्षाचे पैसे आणि वेळ धरावा. तास-दोन तास उलटे जावे लागते, पण बसायला जागा मिळते. कणकवलीला त्याच डब्याच्या दारात लटकणारे लोक पाहिले की तो उलटा प्रवास खटकत नाही. आणि जत्रेतले खाजे पिशवीत तळाशी ठेवू नये. गुळाचा पाक सुटून ते एकमेकांना चिकटते आणि पनवेल येईपर्यंत त्याची एक अखंड वीट झालेली असते.