एकाच समुद्राचा कचरा शेजारी देशांनी कसा मोजावा

आधी मोजमाप एक करा, वाटाघाटी नंतर. एक देश वजन लिहितो, दुसरा नग मोजतो. मग बैठकीत आकडे जुळतच नाहीत. ईशान्य अटलांटिक समुद्राच्या रक्षणासाठी 1992 मध्ये झालेल्या ओस्पार कराराखाली वापरली जाणारी पद्धत उचलण्याजोगी आहे: किनाऱ्याचा 100 मीटरचा ठरावीक पट्टा, वर्षातून चार वेळा, प्रत्येक ऋतूत एकदा.

पट्ट्याची दोन्ही टोके जीपीएसने नोंदवा, दरवेळी तोच पट्टा घ्या. भरतीनंतर साधारण तासाभराने सुरुवात करा. पाण्याच्या कडेपासून मागच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत चालत प्रत्येक नग सामायिक तक्त्यात टिपा. मोजलेला कचरा उचलाच. राहिला तर पुढच्या खेपेला पुन्हा मोजला जातो. मध्येच कोणी सफाई केली असेल तर तारीख लिहा, नाहीतर किनारा उगाच स्वच्छ दिसतो.

खरी गफलत तुकड्यांत होते. दोरीचे तीन तुकडे एक की तीन? हे सर्व देशांच्या गणकांनी एकाच किनाऱ्यावर एकत्र मोजून ठरवावे. नुसती पुस्तिका पाठवून भागत नाही.

उद्दिष्ट आकड्यात हवे. युरोपीय संघाने 2020 मध्ये 100 मीटरला 20 नग ही मर्यादा ठरवली.