अंगणात इलेक्ट्रिक कार: आधी अर्थिंग, मग बुकिंग

मोटार कंपन्या इलेक्ट्रिक गाडीला इतकी वर्षं का टाळत होत्या? जनरल मोटर्सने 1996 मध्ये ईव्ही-1 ही इलेक्ट्रिक गाडी भाडेकरारावर दिली, पुढे परत मागवली आणि बहुतेक गाड्या चुरडून टाकल्या. 2010 मध्येही बॅटरी साठवणीच्या युनिटमागे (किलोवॅट-तासामागे) हजार डॉलरच्या वर पडायची. इंजिनाच्या कारखान्यांत पैसा अडकलेला, आणि चार्जिंगची सोय कोणी करायची, यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. बॅटरी स्वस्त झाली. चार्जिंगचा प्रश्न मात्र खेड्यात तुमच्या मीटरपाशी येऊन बसला आहे.

15 अँपिअरच्या पॉइंटवरचा चार्जर साधारण 3 किलोवॅट ओढतो. तीस युनिटची रिकामी बॅटरी भरायला दहा-अकरा तास. मंजूर भार एक किलोवॅट असेल तर महावितरणकडून आधी वाढवून घ्या. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. तो गैरवापर ठरतो.

मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली तर घरात 300 च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. तिथं एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही भरवशाच्या नाहीत, म्हणून ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरही बसवा.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा. काळी माती पावसाळ्यात छान ओली असते, पण वैशाखात भेगाळते आणि पाइपाला सोडते. मग चार्जर लाल दिवा दाखवतो, अन् लोक गाडीला दोष देतात. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी. वायरमनला मीटरने तपासायला सांगा: अर्थिंगचा रोध 5 ओहमच्या आत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच.

व्होल्टेज तपासायचं ते सकाळी नाही, तर संध्याकाळी, गावातले सगळे कूलर आणि चक्की चालू असताना. त्याच पॉइंटवर 2 किलोवॅटचा हीटर लावा. 225 चे एकदम 195 झाले तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. हीटर बंद असतानाच 190 दिसत असेल तर दोष लाईनचा; तिथं नवी वायर टाकून उपयोग नाही.

उन्हाचंही बघा. निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला द्रवाचं (लिक्विड) कूलिंग नव्हतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात तिची क्षमता लवकर घटली. अकोला-चंद्रपूरचं ऊन त्याहून फार सौम्य नाही. घेताना लिक्विड कूलिंग आहे का ते विचारा, टिनाच्या शेडखाली दुपारी चार्जिंग टाळा, रात्री दहानंतर लावा. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा: चटका बसला तर सॉकेट बदला.