साल खा, पण कच्ची नको

दह्यातल्या जिवाणूंना खाऊ म्हणून पहिल्यांदा मी संत्र्याच्या सालीची पूड दुधात विरजणाबरोबरच घातली. सकाळी वर पिवळट पाणी, खाली चिंध्या, चव कडूजहर. सालीच्या बाहेरच्या नारिंगी थरातलं तेल जिवाणूंना सोसत नाही. म्हणजे ज्यांना जेवायला बोलावलं, त्यांच्याच ताटात विष वाढलं!

कामाचा असतो तो आतला पांढरा, भुसभुशीत थर. त्यातलं पेक्टिन, म्हणजे फळांतला विरघळणारा तंतू, लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच ब्युटिरेटवर जगतात.

आता मी १ लिटर पाण्यात दोन लहान चमचे खाण्याचा सोडा घालून अख्खी फळं १५ मिनिटं बुडवते, मग चोळून धुते. वरची फवारणी बरीचशी निघते, आत मुरलेली नाही. नारिंगी पापुद्रा सोलाण्यानं पातळ काढून टाकायचा. उरलेली साल दोनदा उकळून पाणी फेकायचं. थोडं पेक्टिनही जातं, जाऊ दे. कडू पूड शेवटी डब्यातच पडून राहते. साल कट्‌कन मोडेपर्यंत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. मग मिक्सरमधून बारीक. सफरचंदाच्या सालीला एवढा खटाटोप नाही: धुवा, वाळवा, दळा.

दही मात्र साल न घालताच लावायचं. पूड मिसळायची ती खाताना, वाटीभर गार दह्यात. गरम पदार्थात दही घातलंत तर ६० अंशांच्या पुढे त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. सुरुवात पाव चमच्यानं. मी हौसेनं दोन चमचे घेतले आणि रात्रभर पोट ढोलासारखं. आठवडाभर त्रास झाला नाही, तर अर्ध्या चमच्यावर जा.

घरच्या दह्यात नेमके कोणते जिवाणू आहेत हे कळत नाही. विशिष्ट फायद्यासाठी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची पुरवणी, विकत घेणार असाल, तर लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंच्या नावापुढची अक्षरं-आकडेही वाचा; त्यांवरून वाण कळतो. एकाच जातीच्या दोन वाणांचे गुण सारखे नसतात.

प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रोजच्या गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूटची साल नकोच; काही औषधांचं रक्तातलं प्रमाण ती वाढवते. आंब्याची सालही मी वापरत नाही. तिच्या चिकानं काहींच्या ओठांना पुरळ उठतं, आणि त्या काहींत मी आहे.