ब्राउझरचं भोक बुजवायचं कसं: गावच्या सेवा केंद्रासाठी आणि घरच्या मोबाईलसाठी

सोयाबीनच्या नोंदणीचे दिवस होते. आमच्या केंद्रासमोर सकाळी आठपासून रांग. सातबारा, आधार, पासबुक पिशवीत घालून काकाजी मंडळी ओट्यावर बसलेली. क्रोम या ब्राउझरच्या (वेबसाइट उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वरच्या कोपऱ्यात अपडेटचं बटण तांबडं झालेलं मी रोज पाहत होतो आणि रोज उद्यावर ढकलत होतो. एका संध्याकाळी निवांत बसून हिशेब लावला, तेव्हा लक्षात आलं की तो ब्राउझर बावीस दिवस एकदाही बंद केलेला नव्हता. तेवढ्या दिवसांत गावातल्या कितीतरी लोकांचे आधार क्रमांक आणि ओटीपी त्याच खिडकीतून गेले होते. माझ्या पोटात गोळा आला.

त्या बटणाचा रंग वाचायला शिका. हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, नारिंगी म्हणजे चारेक दिवस झाले, आणि तांबडा म्हणजे किमान आठवडा उलटला.

वेबसाइट उघडली की तिच्यातली चित्रं, अक्षरं, कोड आपल्या संगणकावर येतात आणि ब्राउझर ते वाचतो. वाचणाऱ्या भागातच चूक असली, तर मुद्दाम बिघडवून बनवलेलं एखादं चित्र त्या चुकीतून आत शिरून स्वतःचा कोड चालवू शकतं. आपण काही डाउनलोड केलं नाही, कुठे ‘ओके’ दाबलं नाही, तरीसुद्धा. सप्टेंबर २०२३ मध्ये हेच झालं. वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या कोडमध्ये असं भोक, म्हणजे अशी चूक, सापडलं, आणि तो कोड क्रोम, एज, फायरफॉक्स अशा सगळ्यांतच होता. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्सची दुसऱ्या दिवशी. हल्लेखोर मात्र त्याआधीच ते भोक वापरत होते.

अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. कंपनी ते कापून पाठवते, लावायचं आपल्याला असतं. शिवाय ठिगळ जाहीर झालं की भोक नेमकं कुठे होतं हेही हुशार चोराला शोधता येतं. म्हणून अपडेट आल्यानंतरचा उशीर जास्त घातक.

आता कामाला लागू. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा, ‘मदत’मध्ये जा आणि गुगल क्रोमविषयीची माहिती उघडा. हे पान उघडताच क्रोम स्वतःच नवं अपडेट शोधतो आणि उतरवून घेतो. इथेच बहुतेक जण थांबतात आणि फसतात. अपडेट उतरलं म्हणजे लागलं असं नाही. ब्राउझर पूर्ण बंद होऊन परत सुरू होईपर्यंत जुनाच, भोक असलेला क्रोम चालू राहतो. त्यासाठी त्याच पानावर पुन्हा सुरू करण्याचं बटण येतं, ते दाबा. उघडी पानं परत येतात, पण अर्धवट भरलेला अर्ज जाऊ शकतो आणि इन्कॉग्निटो (इतिहास न साठवणाऱ्या) खिडक्या तर परत येतच नाहीत. म्हणून हे काम केंद्र उघडताना, पहिला माणूस खुर्चीवर बसण्याआधी करा. मग तेच पान पुन्हा उघडून क्रोम अद्ययावत असल्याचं वाचा. २०२३ च्या ऑगस्टपासून क्रोमची सुरक्षा अपडेटं दर आठवड्याला येतात, त्यामुळे दर सोमवारी सकाळी हे एकदा झालंच पाहिजे. एज आणि फायरफॉक्स संगणकावर असतील तर त्यांचंही असंच माहितीचं पान वेगवेगळं उघडून पाहा. एकाला लावलेलं ठिगळ दुसऱ्याला लागत नाही.

नंतर विंडोज. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून तपासा. काहीच उतरत नसेल तर एक जागा आधी पाहा: नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू आहे का? मोबाईलच्या हॉटस्पॉटवर केंद्र चालवताना डेटा वाचावा म्हणून कोणीतरी ते चालू करतं आणि विसरतं. मग विंडोजची बहुतेक अपडेटं अडूनच राहतात. अपडेट उतरल्यावर ‘शटडाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा, कारण फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर साध्या शटडाउनने विंडोज पुरतं बंद होत नाही. लोडशेडिंगची वेळ टाळा, इन्व्हर्टर भरलेला असू द्या. अपडेट लागत असताना वीज गेली तर संगणक उभाच राहणार नाही अशी पाळी येऊ शकते.

विंडोज ७ वर अजून चालणारी केंद्रं आहेत. त्यांना स्पष्ट सांगतो: तिथे क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, त्यानंतरचं एकही ठिगळ लागणार नाही. त्या संगणकावर लोकांचं आधार उघडू नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. त्यापुढची सुरक्षा अपडेटं वेगळी नोंदणी केली तरच मिळतात.

मोबाईलची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ई-पीक पाहणीपासून बँकेपर्यंत सगळं आता त्यावरच आहे. बहुतेक फोनमध्ये प्ले स्टोअर फक्त वायफायवरच आपोआप अपडेट करतं. आपल्या गावात वायफाय असतं किती घरी? म्हणजे फोन घेतल्यापासून काही अ‍ॅपं तशीच पडलेली असतात. ‘काहून असं होते जी, मी तं रोज नेट वापरतो,’ असं परवा एका मामाजींनी विचारलं. कारण हेच. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन मोबाईल डेटावरही अपडेट होऊ द्या. तेवढा डेटा परवडत नसेल तर निदान दोन अ‍ॅपं हाताने अपडेट करा: क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’. दुसऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं, पण इतर अ‍ॅपं आपल्या आत जी वेबपानं दाखवतात ती त्याच्याच जोरावर. फोन अँड्रॉइड ९ किंवा त्याहून जुना असेल तर क्रोम १३८ च्या पुढे जाणार नाही. त्या फोनवर बोलणं, फोटो काढणं ठीक, बँक नको.

केंद्रवाल्यांसाठी आणखी एक. थंब मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा पुढे पोचवणारा प्रोग्रॅम), डिजिटल सहीचा सहायक प्रोग्रॅम हे पडद्यामागे चालू राहतात आणि वेबसाइटने आतून हाक दिली की उत्तर देतात. हाक देणारी साइट कोण हे असा प्रोग्रॅम तपासत नसेल, तर कोणतीही भामटी साइट त्याला कामाला लावू शकते. जुलै २०१९ मध्ये मॅक संगणकांवरच्या झूममध्ये अशीच त्रुटी उघड झाली होती. एखाद्या साइटवर नुसतं गेलं तरी कॅमेऱ्यासकट मीटिंगमध्ये ओढले जाण्याचा धोका होता. म्हणून असे प्रोग्रॅम उत्पादकाच्या अधिकृत साइटवरूनच ताजे करा. जुन्या मशीनचे, आता न लागणारे काढून टाका. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शनंही (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) काढा.

आणि एखादं वेबपान स्वतःच ‘तुमचा क्रोम जुना झाला, इथे दाबा’ म्हणालं, तर ते बंद करा. खरं अपडेट वर सांगितलेल्या पानावर किंवा प्ले स्टोअरमध्येच येतं.

अशा पानावर आधीच दाबलं गेलं असेल, तर पहिल्यांदा नेट तोडा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. विंडोजमधल्या डिफेंडर या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं ऑफलाइन स्कॅन चालवा. अंगठ्याने पैसे काढणाऱ्यांना आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून द्या. खात्यातून रक्कम गेली असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कागद नंतर गोळा करा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते मध्येच गोठवता येतात.