चेहऱ्यावरची सावली काढा, चेहऱ्याचा रंग नको

हरिपूरच्या संगमावर, जिथे वारणा कृष्णेला मिळते तिथे, भर दुपारी काढलेले फोटो आमच्या सांगलीतल्या स्टुडिओत बरेच येतात. ऊन डोक्यावर असतं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या आजींच्या कपाळापासून डोळ्यांपर्यंत काळा पट्टा उतरलेला असतो. "ताई, एवढी सावली तेवढी काढून द्या," म्हणतात. निघते. फक्त घाई करायची नाही.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असेल तर तीच मागून घ्या. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फोटोत, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिट रॉमध्ये 16,384. अंधारा भाग उजळताना हा फरक कळतो. जेपेग जास्त ताणला की कातडीवर ठिपके आणि डाग उठतात. मोबाइलवरचा फोटो असेल तर मूळ फाइल मागा. चॅटवर नुसता फोटो म्हणून पाठवलेला दाबला जाऊन येतो.

फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमधला शॅडोज स्लायडर 20-25 पर्यंत न्या आणि थांबा. तो पूर्ण फोटोला लागतो. अजून ओढलात तर काळेभोर केस राखाडी होतात, साडीचा काठ फिका पडतो.

खरं काम कर्व्ह्जच्या लेयरवर होतं, म्हणजे फोटोवरच्या अशा थरावर जिथे एक रेघ वर-खाली ओढून उजेड आणि रंग बदलतात. फोटोशॉपमध्ये कलर सॅम्पलर घ्या, सॅम्पल साइज 5 बाय 5 ठेवा. एक खूण उन्हातल्या गालावर लावा, दुसरी सावलीतल्या कपाळावर, आणि इन्फो पॅनलमधले आकडे वाचा. समजा गालावर लाल 190, हिरवा 140, निळा 112 आहे आणि कपाळावर 78, 62, 60. नीट बघा: लाल निम्म्याहून खाली गेला, निळा तेवढा पडलेला नाही. कारण सावलीत थेट ऊन पोचत नाही, निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून कर्व्ह नुसता वर उचलला की कपाळ उजळतं, पण राख फासल्यासारखं दिसतं. लाल 165 च्या आसपास आणा, मग त्याच कर्व्हमध्ये ब्लू चॅनल निवडून रेघ खाली ओढा, निळा शंभराच्या आत येईपर्यंत. ग्रीनही खाली घ्या, पण ब्लूपेक्षा कमी. 190 गाठायचा हट्ट नको. पदराखालचं कपाळ गालापेक्षा जरा दबलेलंच शोभतं.

आकडे जमले की मास्कवर, म्हणजे लेयरचा बदल कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या पांढऱ्या चौकटीवर, क्लिक करून कंट्रोल आणि आय दाबा. मास्क काळा होतो, बदल झाकला जातो. आता पांढरा ब्रश, फ्लो (रंग सुटण्याचा वेग) 8-10 टक्के, आणि सावलीवर हलके हात फिरवत राहा. गिम्पमध्येही हेच जमतं: लेयरची प्रत काढा, तिच्यावर कर्व्ह लावा, काळा मास्क जोडा.

कडेला सगळ्यात जास्त वेळ द्या. सूर्याची तबकडी आपल्याला साधारण अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे सावलीची कड वस्तूच्या अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी विरते. पदर कपाळापासून पाच सेंटिमीटरवर असेल तर कड जेमतेम अर्धा मिलिमीटर. तीन मीटरवरची फांदी असेल तर तीन सेंटिमीटर. म्हणून पदराच्या सावलीला ब्रशची हार्डनेस (कडेचा धारदारपणा) जास्त हवी, झाडाच्या सावलीला शून्य. कड चुकली की कपाळावर उजळ किंवा काळी रेघ राहते. ती क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारची जागा उचलून वर छापणाऱ्या टूलने, काळ्या रेघेला मोड लाइटन, उजळ रेघेला डार्कन आणि ओपॅसिटी 15-20 ठेवून, थोडी थोडी मिटवा.

नवरानवरीच्या मुंडावळ्यांच्या गालावर पडलेल्या सावल्या दोऱ्यासारख्या बारीक असतात. तिथे मास्कचा खटाटोप नको, लाइटन मोडमधला क्लोन स्टॅम्प पुरतो. मंडपाच्या पिवळ्या कापडाखालचा फोटो असेल तर उलटं होतं: निळा कमी पडलेला असतो, तो वाढवावा लागतो. पण हळदीच्या फोटोत आधी बघा, पिवळा कापडाचा आहे की गालावरच्या हळदीचा. डोळ्याच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा असेल तर कापडाचा. हळद पुसू नका, ती त्या दिवसाची आहे.

नाकाची, हनुवटीखालची सावली फिकी करा, काढू नका. ती गेली की चेहरा सपाट होतो.

आणि "जरा गोरं करून द्या" म्हटलं तर मी नाही म्हणते, नवरीच्या आईलाही. सावळ्या मुलीच्या उन्हातल्या गालाचा जो रंग, तोच माझा माप. त्याच्यावर एक आकडाही चढवत नाही. चाळीस वर्षांनी तिच्या नातवंडांना अल्बममध्ये तीच दिसायला हवी.

शेवटी लेयर बंद-चालू करून फोटो पूर्ण स्क्रीनवर बघा. स्क्रीन जास्त उजळ ठेवली असेल तर प्रिंट काळपट येते, म्हणून मोठ्या फ्रेमआधी त्याच कागदावर एक लहान प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात तपासा. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, लेयरसकट जपून ठेवा; प्रिंटमध्ये कपाळ दबलेलं वाटलं तर फक्त कर्व्ह हलवावा लागतो, मास्क पुन्हा रंगवावा लागत नाही.