सेप्टिक टाकी सारखी तुंबते? या चुका टाळा

सोलापुरात हद्दवाढ भागात बऱ्याच ठिकाणी अजून ड्रेनेज लाइन नाही, सगळा भार घरच्या सेप्टिक टाकीवर. आणि संडास तुंबला की पहिला फोन जातो मैला उपसायच्या गाडीला. तिथंच चुकतं.

झाकण उघडलं, पाणी दिसलं, की "टाकी भरली" म्हणतात. अहो, चालू टाकी कायम भरलेलीच असते, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या लेव्हलपर्यंत. मैला खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. उपसली तरी काही दिवसांत पाणी परत तिथंच येणार. त्यामुळं आधी हे बघा, एकच संडास तुंबतोय का? मग लाइनीत नाहीतर चेंबरमध्ये काहीतरी अडकलंय, गाडीचं कामच नाही. सगळ्या घराचं पाणी हळू उतरतंय आणि टाकीतलं पाणी त्या पाइपाच्या वर चढलंय, तर पुढचा पाइप किंवा शोषखड्डा चोक आहे. आणि उपसून आठवडाभरात परत तुंबलं तर शोषखड्डाच बघा, नुसती टाकी उपसून पैसे जातील.

आपल्याकडं शोषखड्ड्याचा त्रास जास्त व्हायचं कारण काळी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी पितच नाही, मग पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी वर येतं. काळी माती ओलांडून मुरुम लागेपर्यंत खोल घ्यायला लावा, मिस्त्री कितीही "एवढं बास" म्हणू दे. बोअरपासून मात्र निदान 18 मीटर लांब, यात तडजोड नको, ते पाणी पोरंबाळं पितात.

दुसरी मोठी चूक पाण्याच्या दिवशी होते. नळ रोज येत नाही, म्हणून आला की चादरी, गोधड्या, मशीनचे चार राउंड, अंगण धुणं सगळं एकाच दिवशी, आणि ते सगळं पाणी टाकीत. मैल्याला खाली बसायला वेळच मिळत नाही, गाळ ढवळून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याची छिद्रं बुजतात. कपड्यांचं आणि गच्चीचं पावसाचं पाणी टाकीला जोडूच नका, वेगळं काढा.

पॅड, डायपर, वाइप्स, तळणीचं तेल संडासात नको. ॲसिड, फिनाईल रोज ओतलं तर मैला कुजवणारे जंतू मरतात आणि वास उलट वाढतो. टाकीत टाकायची पावडर विकत घ्यायची गरज नाही, जंतू मैल्यातच असतात.

उपसा साधारण 2-3 वर्षांनी करा, थोडा जुना गाळ तळाशी राहू द्या. झाकणावर फरशी बसवू नका, नंतर फोडावी लागते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, कुणालाही टाकीत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आतल्या गॅसनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. काठी आत पडली तरी पडू दे. झाकण उघडल्यावर जवळ बिडी, काडी पेटवायची नाही, मिथेन पेट घेतो. गाडीसाठी 14420 वर फोन करा, आणि गाडीवाला "जरा आत उतरून बघतो" म्हणाला तर काम तिथंच थांबवा.